आमची वाटचाल: दगडाचा दाणा, पेन्सिलीची सही

न्यू जर्सीत आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. घर चाललं ते लग्नाच्या फोटोंवर आणि पदवीच्या प्रमाणपत्रांवर. पण नाव झालं ते मागच्या खोलीतल्या सपाट खणांच्या लोखंडी कपाटामुळे. त्यात नॉर्मन रॉकवेल या अमेरिकन चित्रकाराचे पेन्सिलीने सही केलेले, क्रमांक घातलेले लिथोग्राफ असतात, म्हणजे दगडावर किंवा धातूच्या प्लेटवर काढलेल्या चित्राचे छाप. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाची तीनशेहून जास्त मुखपृष्ठं करणारा हाच तो रॉकवेल.

कपाट मूळचं आमच्या भागीदाराचं. हे इटालियन म्हातारबुवा पिढीजात फ्रेमवाले. १९७०च्या दशकात हे लिथोग्राफ नव्याने बाजारात आले तेव्हाच त्यांनी जमेल तसे घेऊन ठेवले होते. मला त्यांनी आधी मोर्सोवर उभं केलं. पायाने दाबायचं हे डॅनिश यंत्र. त्याची दोन पाती फ्रेमच्या पट्टीला पंचेचाळीस अंशात छाटतात. पाती बोथट झाली की कोपऱ्यात केसाएवढी फट राहते आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं. आजही कोणी आमच्याकडे विजेची करवत घ्या म्हणून सांगायला येतं. मी त्यांना चहा देतो आणि परत पाठवतो.

दुसरं हत्यार दहा पटीचं भिंग. खऱ्या लिथोग्राफमध्ये रंगाचा दाणा अनियमित दिसतो, वाळू भुरभुरल्यासारखा. ऑफसेटमध्ये, म्हणजे मासिकं-कॅलेंडरांच्या नेहमीच्या यंत्रछपाईत, ठिपक्यांची शिस्तशीर फुलं दिसतात. कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई असेल तर ठिपका नाही, बारीक सुरकुतलेली जाळी दिसते, आणि रॉकवेलचे सही केलेले कोलोटाइपही आहेत. त्याने ऑफसेट छपाईवरसुद्धा सह्या केल्या आहेत, म्हणून ठिपके दिसले की लगेच 'नकली' म्हणून ओरडू नये. जे आहे ते त्याच नावाने आणि त्याच भावात विकावं, एवढंच.

जाणकार मंडळी या मालाकडे बघून नाक मुरडतात. म्हणे रॉकवेलने स्वतः दगडावर काही काढलं नाही. त्याच्या तैलचित्रावरून कारागिरांनी रंगागणिक वेगळी प्लेट काढली आणि त्याने फक्त सही केली. बरोबर आहे. मग आमच्या आजोळी देव्हाऱ्यावर रविवर्म्याची छापील लक्ष्मी होती, तिच्या दगडावर कोण बसलं होतं? रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, रॉकवेलचा जन्मही १८९४चाच. दोघांनाही 'कॅलेंडरवाला' म्हणून हिणवलं गेलं. मी तरी या चित्रांची कधी लाज बाळगली नाही.

आता एका शेजाऱ्याबद्दल. नाव घेत नाही. मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर त्याने अशाच चित्रांची गॅलरी थाटली. शनिवारी वाइन, चीज आणि भाषण: 'शेअरपेक्षा सुरक्षित, पाच वर्षांत दुप्पट.' आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. सणासुदीला वाकून नमस्कार करणारी मराठी मंडळीही गेली.

मग एका बाई त्याच्याकडून घेतलेलं 'डॉक्टर अँड डॉल' नवी फ्रेम करायला घेऊन आल्या. बाहुलीच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारे डॉक्टर आणि समोर ती गंभीर मुलगी. पावतीवर 'हस्तमुद्रित लिथोग्राफ', खाली क्रमांक ८७/२००, म्हणजे दोनशे प्रतींतली सत्याऐंशीवी. भिंगाखाली ठिपकेच ठिपके. सहीतली पेन्सिल खरी, पण रेघ जागोजागी थांबत गेलेली. माणूस स्वतःची सही अशी चित्र काढल्यासारखी करत नाही. मी बाईंना दिसलं ते सांगितलं. त्याच आठवड्यात एक दंतवैद्य तेच चित्र घेऊन आले. क्रमांक पुन्हा ८७/२००. दोन्ही कागद मी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, त्यावर वेगळं भाष्य करायची गरज पडली नाही.

पंधरवड्यात वकिलाची नोटीस आली, बदनामीची. गावात बोभाटा झाला की मी जळतो. तेवढ्यात २००८ची मंदी आली. ज्यांनी 'दुप्पट'च्या आशेने घेतलं होतं ते सगळे विकायला निघाले आणि खऱ्या मालाचेही भाव कोसळले. बँकेने उचल बंद केली. बायको दिवसा दुकानाचे हिशेब बघायची आणि रात्री फार्मसीत पाळी करायची. कपाटातले चांगले सहा नग आम्ही मिळेल त्या भावाला काढले, त्यात 'गॉसिप्स' होतं. ते अजून सलतं. म्हातारबुवा तोवर गेले होते, निदान त्यांना हे बघावं लागलं नाही.

दुकान वाचलं ते एका निवृत्त पोस्टमनमुळे. हा गृहस्थ नोकरीत असताना दरमहा पगारातून थोडे थोडे पैसे भरून एकेक चित्र घ्यायचा. 'टॉम सॉयर'ची मालिका त्याने अशीच पूर्ण केली. बातमी कळल्यावर तो स्टेशन वॅगन भरून आला. घरातली सगळी चित्रं काढून आणली होती. म्हणाला, सगळ्यांना नवी काच, नवा माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), पैसे आत्ताच घे. निम्म्या फ्रेमना काही झालेलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्या कामावर आमचा हिवाळा निघाला. पुढे नाक्यावरची गॅलरी रातोरात बंद झाली आणि तो खटला कधी उभाच राहिला नाही. माझी वकिलाची फी मात्र मला कोणी परत दिली नाही.

त्यानंतर धंदा नीट चालला, सांगण्यासारखं फारसं नाही. २०१३ साली रॉकवेलच्या 'सेइंग ग्रेस'चं मूळ तैलचित्र सदबीजच्या लिलावात ४ कोटी ६० लाख डॉलरला गेलं, तेव्हा मात्र आठवडाभर लोक माळ्यावरची जुनी कॅलेंडरं घेऊन रांगेत उभे होते.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून घेऊ नका. असं चिकटवलं (याला ड्राय माउंट म्हणतात) की किंमत गेली. फ्रेमच्या मापात बसावं म्हणून समास कापू देऊ नका. माउंट कापसाच्या लगद्याचा, चित्र माउंटला धरणाऱ्या बिजागऱ्या जपानी कागदाच्या आणि खळ गव्हाच्या सत्त्वाची. सेलोटेप दिसला तर त्या फ्रेमवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. काच अतिनील किरण अडवणारी घ्या, तरीही चित्र उन्हाच्या भिंतीवर नको. अस्सलपणाचं प्रमाणपत्र कितीही सोनेरी असलं तरी ते छापायला खर्च येत नाही. आधी कागद बघा, मग दाणा, मग सही. आणि चित्र आवडत नसेल तर घेऊच नका, पैसे वाढवायला बँका आहेत.

दुकान सोमवारी बंद असतं. चित्र फ्रेमसकट आणलंत तरी चालेल, पण मागचा कागद फाडून आत बघितल्याशिवाय मी भाव सांगत नाही. त्यावर वाद घालू नका.