अब्दुल नव्हे, अब्दुर्रहमान

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात दोन दिवस शिकवून आले. समोर सव्वीस जण होते: प्रवेश, परीक्षा, वसतिगृह, ग्रंथालय, फी भरायची खिडकी, आणि दोन शिपाई. शिपाई हवेतच, असा माझा हट्ट असतो, कारण येमेनहून किंवा इराकहून आलेलं पोर आवारात शिरलं की पहिल्यांदा त्यांनाच काहीतरी विचारतं. विषय होता अरबी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचं कामकाज नीट कसं करायचं.

मी स्वतः बावीस वर्षं परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीमागे काढली. त्याआधी यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षं मस्कतला होतो. तिथल्या भाजीबाजारात आणि दवाखान्यात जे अरबी कानावर पडलं, ते पुढे जन्मभर उपयोगी आलं.

पहिला अख्खा तास मी फक्त नावाला देते. फळ्यावर एक बनवलेलं नाव लिहिते: अब्दुर्रहमान सालेह अहमद अल-हद्रमी. आपल्या अर्जात रकाने तीन, आडनाव, नाव, वडिलांचं नाव. इथे तुकडे चार: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, आणि शेवटी घराण्याचं किंवा मुलखाचं, म्हणजे येमेनमधल्या हद्रमौत भागातला तो हद्रमी. सगळ्यांना सांगितलं, भरा अर्ज. सव्वीस कागदांवर नऊ वेगवेगळी नावं आली. बऱ्याच जणांनी स्वतःचं नाव ‘अब्दुल’ आणि वडिलांचं ‘रहमान’ करून टाकलं होतं. अब्द म्हणजे दास आणि अर्रहमान हे ईश्वराचं नाव. रामदास नावाच्या माणसाला आपण नुसतं ‘च्या दासा’ म्हणून हाक मारू का? ‘अब्दुल’ हे तसंच अर्ध्यावर तोडलेलं आहे. ‘अल’ हेही नाव नव्हे, नावाला जोडून येणारं अव्यय आहे, पण आसनक्रमांकाच्या यादीत त्यामुळे सगळी अरब मुलं एका अक्षराखाली गोळा होतात.

यात मोठं काय बिघडतं, असं दरवेळी कोणीतरी विचारतं. तेव्हा मी एका मुलीची गोष्ट सांगते. एम.एस्सी. चांगल्या गुणांनी झाली आणि मायदेशी गेली. तिच्या गुणपत्रिकेवर नावाचं एक स्पेलिंग, निवास परवान्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. तिकडच्या मंत्रालयानं पदवी मान्य करायला नकार दिला. दुरुस्ती होऊन कागद तिच्या हातात पडायला आठ महिने गेले आणि तेवढ्यात शिक्षिकेची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ते नाव माझ्या हातून टाईप झालं होतं. आजही त्या मुलीचा चेहरा आठवला की पोटात कालवतं.

म्हणून आता एकच नियम शिकवते. विद्यार्थ्याला नाव विचारून लिहायचं नाही, पासपोर्टवरून अक्षरन् अक्षर उतरवायचं. फोटोच्या पानावर तळाशी बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर जिथे दोन खुणा सलग येतात, त्याच्या अलीकडचं आडनाव, पलीकडचं बाकी नाव. नाव फार लांब असेल तर ते तिथे कापलं जातं, तेव्हा वर छापलेल्या नावाशीही ताडून बघायचं. भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात या मुलांची नोंदणी व्हावी लागते. तिथे गेलेलं नाव आणि आपल्या दप्तरातलं नाव यात एका अक्षराचाही फरक नको.

आईच्या नावाचा मुद्दा त्याहून नाजूक. आपल्याकडे गुणपत्रिकेवर ते छापतात, मला त्याचा अभिमानही आहे. पण अरब समाजात बऱ्याच ठिकाणी पुरुष चारचौघांत आईचं नाव घेत नाहीत. रांगेत मागे दहा मुलं उभी असताना खिडकीतून ‘मदर्स नेम?’ असं ओरडलं की तो मुलगा मान खाली घालतो आणि आपल्याला वाटतं, याला इंग्रजी कळत नाही. कागद पुढे सरकवा. तो लिहून देईल.

दुपारी फळ्यावर शब्द लिहिले: तारीख, हिशोब, बाकी, मुदत, नक्कल, हजर, वसूल, तपशील, रक्कम. म्हटलं, हे कुठले? सगळे म्हणाले, मराठी. आहेतच मराठी, पण आले अरबीतून, फारसीच्या वाटेनं, दख्खनच्या सुलतानांच्या कारभारातून. तारीख आणि हिशोब आजही अरब मुलाला थेट कळतात. काही शब्दांनी मात्र वाट बदलली आहे. अरबीत ‘रक्म’ म्हणजे आकडा, क्रमांक. फीची ‘रक्कम’ विचारलीत तर तो फोन नंबर सांगू शकतो. आणि आकडे लिहायला सांगितले तर आणखी जपायचं, कारण त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. जन्मतारखा अशाच चुकतात. ते लोक त्या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणतात, हे ऐकून फीच्या खिडकीवरच्या बाई खुलल्या.

अरबीत ‘प’ नाही. पुण्याचं ‘बुना’ होतं, पेपरचा ‘बेबर’. त्यावर हसणं मला सहन होत नाही. मी सगळ्यांना अरबीतलं ‘ऐन’ हे घशातून निघणारं अक्षर म्हणायला लावते. पाच मिनिटं प्रयत्न करूनही कोणाला जमत नाही. नंतर ‘बेबर’वर कोणी हसत नाही.

फीची मुदत सोमवार ठेवू नका, हेही आवर्जून सांगते. येमेन, इराक, इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे रविवार. घरून पैसे गुरुवारी निघाले नाहीत तर सोमवारी पोचत नाहीत. रमजानचंही तसंच: महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, वेळापत्रक आखतानाच तो बघून ठेवावा. आणि एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यानंतर सुदानहून आलेल्या मुलाला ‘मूळ प्रत आणा’ म्हणताना ती कुठे राहिली असेल, याचा एक क्षण विचार करावा. राजधानी खार्तूममधलं घरच जो सोडून आलाय, त्याच्यासाठी अर्ज पुढे पाठवायची पर्यायी वाट आपण शोधायची.

दुसऱ्या दिवशी एक प्रसंग सोडवायला दिला. येमेनमधल्या एडन बंदराच्या मुलाचे वडील वारले आहेत, त्याला रजा हवी, हजेरी कमी आहे, पुरावा काहीच नाही. काय कराल? चर्चा नियमांवरच अडकली. मागच्या बाकावर परीक्षा विभागातले एक कारकून होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, एडन म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं एडन ना?”

तेच. तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. १८७९ मध्ये पकडल्यावर फडक्यांवर पुण्यात खटला झाला, त्यांना एडनच्या तुरुंगात धाडलं आणि तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते गेले. पण त्या गृहस्थांना सांगायचं होतं ते वेगळंच. “ते पुण्यात लष्कराच्या हिशोब खात्यात कारकून होते. आई आजारी होती. रजा वेळेवर मिळाली नाही. घरी पोचले तोवर आई गेली होती.” एवढं बोलून ते खाली बसले.

मला ही गोष्ट शाळेपासून ठाऊक होती. बावीस वर्षांत माझ्या खिडकीशी ती जोडायचं कधी सुचलं नव्हतं. ‘रजा’ही अरबीच, मूळ अर्थ संमती, राजीखुशी. पण ते सांगायची गरज उरली नव्हती. अर्ध्या तासात वर्गानंच कागदावर उतरवलं: घरी मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर विभागप्रमुखांच्या सहीनं त्याच दिवशी रजा, कागदपत्रं मुलगा परत आल्यावर. आणि ‘उद्या या’ असं तोंडी सांगायचं नाही. चिठ्ठीवर तारीख, वेळ, खोली क्रमांक आणि काय आणायचं ते लिहून द्यायचं.

सोमवारी त्या गृहस्थांचा फोन आला. सांत्वनासाठी अरबीत काय म्हणतात? मी सांगितलं, वडील गेले असतील तर ‘अल्लाह यर्हमुह’, आई गेली असेल तर ‘अल्लाह यर्हमहा’. त्यांनी तीनदा म्हणून घेतलं. दोन्ही देवनागरीत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवतो म्हणाले.