काही वाटलं नाही का?

हल्ली सॅन होजेत असतो, पण पुण्यात आलो की हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं: "गलवानमध्ये आपले २० जवान गेले आणि तुम्ही चीनच्या चिप कारखान्यात? काही वाटलं नाही का?"

वाटलं. पण तुम्ही समजता त्या दिवशी नाही.

मी गेलो २०१८ला, गलवानच्या आधी. (हा बचाव झाला, कळतंय. नंतरही राहिलोच की.) पगार चांगला, काम त्याहून चांगलं. मेमरी चिपच्या थरांच्या चळतीतून वरपासून तळापर्यंत सरळ भोक पाडायचं, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकं रुंद. जरा तिरकं गेलं की वेफर, म्हणजे चिप जिच्यावर घडतात ती सिलिकॉनची चकती, कचऱ्यात.

७ ऑक्टोबर २०२२ला चीनच्या चिप उद्योगावर अमेरिकेचे नियम आले. मशिनांवर बंधनं येणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. एक कलम मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं: अमेरिकी नागरिकानं किंवा ग्रीनकार्डधारकानं चीनमधल्या प्रगत चिप कारखान्याला परवान्याशिवाय मदत करायची नाही. अशा मेमरीसाठी रेषा १२८ थरांची, आणि आम्ही रेषेच्या पलीकडे. अंमल १२ तारखेपासून. मी तोवर अमेरिकी नागरिक झालेलो. ग्रीनकार्डही न घेता भारताचाच पासपोर्ट ठेवला असता, तर हे कलम मला लागलंच नसतं.

११च्या रात्री मशीनचं चेंबर उघडून ओ-रिंग, म्हणजे ते हवाबंद करणारी रबरी कडी, बदलत होतो. बसवली आणि बाहेरून बोलावणं आलं. वकिलाचा निरोप होता: आत्तापासून काही करू नका, कुणाला काही सांगू नका. पांढरा सूट उतरवून काचेबाहेर येऊन उभा राहिलो. आत माझ्या हाताखालचा पोरगा, पंचविशीतला. मला 'लाओशी' म्हणायचा, म्हणजे आपलं 'सर'. त्यानं चेंबर बंद केलं, पंप लावला. गळती मर्यादेबाहेर. ओ-रिंग पिळली गेली असणार. घाईत मीच बसवली होती. तो काचेपाशी आला आणि बोटानं हवेत गोल काढून भुवया उंचावल्या. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मान हलवणं 'मदत' ठरतं का, वकिलालाही सांगता आलं नसतं. मी हात खिशात घातले. त्यानं पुन्हा गोल काढला. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि वळला. सर रागावले, असंच वाटलं असेल त्याला.

पूर्वी या प्रश्नावर मी तुमच्याच पुण्याचा दाखला फेकायचो. अमेरिकेनं हवा तो क्रे महासंगणक दिला नाही, सी-डॅक या इथल्या सरकारी संस्थेनं १९९१मध्ये परम ८००० उभा केला, तेव्हा टाळ्या वाजवल्यात ना? मग अमेरिकेची बंधनं असूनही २०२३मध्ये ह्वावे या चिनी कंपनीच्या फोनात चीनमध्येच बनलेली ७ नॅनोमीटरची प्रगत चिप निघाली, तेव्हा तोंडं का वाकडी? बोलायला झकास. पण परममधले ट्रान्सप्युटर, म्हणजे त्याच्या प्रोसेसर चिप, ब्रिटिश कंपनीचे होते, हे मी सोयीनं गाळायचो. आणि आमची मेमरी पुढे कुणाच्या कशात बसते, हे चार वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, तेही.

तरी तुम्ही 'देशद्रोह' वगैरे म्हणालात की मी पुन्हा परमवर येतोच.

तो पोरगा वुईचॅटवर अजून आहे. त्यांच्या नववर्षाला शुभेच्छा पाठवतो, मीही पाठवतो. ओ-रिंगच होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.