सत्तरीनंतरचा स्टॅग

अमेरिकन फुटबॉलचे नियम मला अजून धड कळत नाहीत, पण एमॉस अलोन्झो स्टॅगने मला खिळवून ठेवलंय. येल विद्यापीठात हा बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. 1892मध्ये शिकागो विद्यापीठात फुटबॉलचा प्रशिक्षक झाला, तो 1932पर्यंत. मधली बरीच वर्षं बेसबॉलचा संघही त्याच्याकडेच! (एक खेळ शरदात, दुसरा वसंतात, म्हणून जमलं.) सत्तरीला नियमावर बोट ठेवून विद्यापीठाने त्याला निवृत्त केलं. गडी घरी बसतोय कसला! कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा संघ हाती घेतला आणि 1943मध्ये, 81व्या वर्षी, देशातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. तिथून निघाल्यावर पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने पुन्हा मैदानात. शिकागोने मात्र 1939मध्ये फुटबॉलच गुंडाळलं.