पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं का?

मागच्या वर्षी आमच्या कंपनीत फक्त स्टाफसाठीचं सोशल नेटवर्क सुरू करायचं ठरलं आणि ते लोकांच्या गळी उतरवायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवात सगळे करतात तशीच केली, म्हणजे सगळ्यांना मेल, सोबत लिंक, तासभराचं ट्रेनिंग, पोस्ट कशी टाकायची, ग्रुप कसा जॉइन करायचा वगैरे. पहिल्या दिवशी भराभर लॉगिन झाले, फोटो लागले, "हॅलो टीम" झालं आणि दुसऱ्या आठवड्यात सगळं शांत.

तेव्हाची एक पोस्ट मला अजून आठवते. नवीन लागलेल्या एका मुलीने विचारलं होतं, "कोटेशनचा लेटेस्ट फॉरमॅट कुठे मिळेल?" तीन दिवस खाली काहीच नाही, फक्त पोस्ट पाहिलेल्यांचा आकडा वाढत 40 च्या वर गेला. चौथ्या दिवशी तिने पोस्टच काढून टाकली. मला फार वाईट वाटलं, कारण उत्तर निदान दहा जणांना तरी माहीत होतं. चौकशी केली तर एक सीनियर म्हणाले, "अरे, मी तिला फोन करून सांगितलं ना!" त्यांचं चुकलं असं नाही, तिचं काम झालं, पण पुढच्या महिन्यात आलेल्या दोघांनी तोच प्रश्न परत कुणाकुणाला फोन करून विचारला. खरी अडचण इथे आहे.

वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनने 2006 मध्येच लिहून ठेवलंय की ऑनलाइन ग्रुपमध्ये साधारण 90 टक्के लोक नुसतं वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला 1 टक्काच बहुतेक सगळं लिहितो. हे वाचल्यावर सगळ्यांना लिहितं करायचा हट्ट मी सोडला. प्रत्येक डिपार्टमेंटमधला असा एक माणूस शोधला ज्याच्याकडे लोक तसेही विचारायला जातातच, आणि एवढंच मागितलं की फोनवर दिलेलं उत्तर दोन ओळीत तिथेही टाका. साहेबांनाही विनंती केली की सूचना नकोत, तुम्हीच एक प्रश्न विचारा. त्यांनी विचारला आणि स्टोअरमधल्या माणसाने उत्तर दिलं, त्या दिवसापासून लोकांची भीड चेपली.

टूल कुठलं घ्यायचं यावर मात्र आम्ही उगाच दोन महिने घालवले. यामर हे असंच ऑफिससाठीचं नेटवर्क 2008 मध्ये आलं, 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, आता ते व्हिवा एंगेज झालंय. फेसबुकवाल्यांचं वर्कप्लेस बंद होणार हे मेटाने 2024 मध्ये जाहीर केलं. म्हणून घेताना एकच गोष्ट नक्की विचारा, उद्या सोडायची वेळ आली तर आमच्या पोस्ट, फाइली बाहेर काढता येतील का?

एक काम अजून राहिलंय. स्टोअरमध्ये आठ जणांत एकच कॉम्प्युटर आहे आणि सुपरवायझर सोडला तर कुणालाच कंपनीचा मेल आयडी नाही, म्हणून लॉगिनही नाही. मोबाइल नंबरवरून लॉगिन मिळावं यासाठी आयटीच्या मागे लागलोय, कारण कुठला माल कुठे अडकलाय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.