मोठ्या मुलांच्या नाताळच्या भेटी आणि फायनान्सचं काउंटर

नाताळ झाला, गव्हाणीचा देखावा आवरून माळ्यावर गेला, तरी दुकानातल्या त्या हप्त्यांवर कर्ज देणाऱ्या फायनान्सच्या काउंटरचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मोठ्या मुलांच्या भेटींवर किती खर्च करायचा हे आम्ही घरात अर्ध्या तासात ठरवलं होतं. तो आकडा दुकानात टिकवायला मात्र जी ताकद लागली, ती आठवली की आजही चीड येते. पुढच्या डिसेंबरात तुमच्यापैकी कुणी त्या काउंटरसमोर उभं राहणार असेल, तर त्याआधी हे वाचलेलं बरं.

आमचं घर वसईतलं. थोरली 23 ची, अंधेरीला नोकरी करते. मधला 19 चा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. धाकटी 15 ची, यंदा दहावी. तिघं लहान होती तेव्हा खेळणी, नवे कपडे आणि केक एवढ्यावर सगळं भागायचं, रकमेचा विचारही करावा लागत नसे. आता ज्यांना खरंच हवं असतं त्या वस्तू पाच हजारांच्या पुढेच सुरू होतात. त्यात नोकरदारांना बोनस मिळतो दिवाळीला आणि आपला सण येतो दोन महिन्यांनी, तोवर बोनस हातात राहत नाही. म्हणून मी यंदा बोनस जमा झाला त्याच दिवशी भेटींचे 27,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकले. तिघांना प्रत्येकी 9,000. फराळ, कपडे, चर्चची वर्गणी, सासर-माहेरचं देणंघेणं यांचा हिशेब वेगळा ठेवला.

9,000 च का, हे मुलांनीही विचारलं. जानेवारीत मधल्याची कॉलेजची फी भरायची असते, ती भरायला कुणाकडे हात पसरायला लागू नये, एवढं बाजूला ठेवून जे उरलं त्याचे तीन भाग केले. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) दुसऱ्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिघांना बसवून हे सरळ सांगितलं. माझ्या मिस्टरांचं म्हणणं होतं की ज्याची गरज मोठी त्याला जास्त द्यावं. मी ऐकलं नाही. मोठी मुलं तोंडाने बोलत नाहीत, पण कुणाला किती मिळालं हे त्यांच्या पक्कं लक्षात राहतं. वस्तू वेगवेगळ्या असू देत, रक्कम सारखीच हवी. स्वतःच्या साठवणीतले पैसे कुणालाही त्यात घालता येतील, पण आईबापाच्या नावावर कर्ज होणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

धाकटीचं सगळं दोन दिवसांत झालं. तिला फुटबॉलचे स्टड हवे होते आणि गायनमंडळात वाजवायला स्वतःची गिटार हवी होती. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या बुटांच्या जोडीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की 18 टक्के, त्यामुळे 2,500 च्या आतली जोडी आणि जरा वरची जोडी यांत जो फरक पडतो तो निव्वळ बुटांचा नसतो. कपड्यांनाही हीच मर्यादा आहे. आम्ही 2,400 चे स्टड घेतले, 6,300 ची गिटार घेतली, 300 रुपये उरले ते तिने गिटारच्या जादा तारांना वापरले.

मधल्याचा फोन पार गेला होता. स्क्रीनवर हिरवी रेघ आली होती आणि बॅटरी दुपारीच संपायची. त्याने ट्यूशन घेऊन 5,500 साठवले होते. माझे 9,000 धरून 14,500 झाले. या पैशांत कॉलेजच्या मुलाला पुरेल असा चांगला फोन येतो, हे त्याने स्वतः शोधून ठेवलं होतं. डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो.

त्याने ठरवलेला फोन दाखवायला कुणी तयारच नव्हतं. ‘मॅडम, हा बघा ना, 24,999 चा. नो कॉस्ट ईएमआय आहे, महिन्याला फक्त 2,083.’ मी बजेट सांगितलं. त्यावर उत्तर आलं, ‘तुमच्याकडे 9,000 आहेतच ना? बारा-चारची स्कीम घ्या. चार हप्ते आत्ता भरा, आठ नंतर.’ किती सहज बोलला तो! मी मुलाला द्यायला दिवाळीपासून जपलेली रक्कम त्याच्या स्कीमचे आगाऊ हप्ते होऊन गेली, आणि वर साडेसोळा हजारांवर कर्ज माझ्या नावावर. कारण मुलगा शिकतोय, कर्ज त्याला मिळणार नाही, आईलाच मिळणार. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत हप्ते. म्हणजे मधे जूनमध्ये धाकटीचा अकरावीचा प्रवेश आणि जुलैत पुन्हा मधल्याची फी.

‘एलिजिबिलिटी तरी बघून घ्या, त्याला काही पैसे लागत नाहीत,’ म्हणून त्याने आम्हाला मागच्या काउंटरवर नेलं. तिथे रांग. कुणी वॉशिंग मशीनला, कुणी टीव्हीला, सगळे आधार आणि पॅन हातात घेऊन ताटकळत. सर्व्हर चालत नव्हता. बसायला खुर्ची नाही. आमचा नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलाने माझा पॅन नंबर आणि मोबाइल नंबर घेतला, ओटीपी विचारला आणि क्षणात माझ्या मोबाइलवर मेसेज आला की तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहिला गेला आहे. हा मेसेज पाठवणं असे रिपोर्ट ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेलं आहे, म्हणून तरी मला कळलं. ‘नुसतं बघतोय’ म्हणत मागितलेला ओटीपी दिला की तुमची कर्जचौकशी होऊ शकते, आणि ती रिपोर्टमध्ये नोंदली जाऊ शकते. त्यामुळे आधी नीट विचारा, मगच ओटीपी द्या.

मग त्याने स्क्रीनवर जे दाखवलं त्यात प्रोसेसिंग फी 799, स्क्रीनचा विमा 1,799 आणि वाढीव वॉरंटी 1,299 आधीच टिक करून ठेवलेले होते. मी म्हटलं, विमा आणि वॉरंटी काढा. म्हणे, ‘स्कीममध्ये कम्पल्सरी आहे.’ मी पुन्हा सांगितलं, मग कम्पल्सरी आहे असं लिहून द्या. लिहून कुणी दिलं नाही. मी विचारलं, रोख दिले तर फोन कितीला? बरीच टाळाटाळ झाल्यावर उत्तर मिळालं, 23,499. म्हणजे रोखीच्या गिऱ्हाइकाला जे 1,500 सुटतात ते ‘नो कॉस्ट’वाल्याला सुटत नाहीत, आणि त्यावर 3,897 चढतात. एकाच फोनला 5,397 रुपयांचा फरक. धाकटीच्या दोन स्टडच्या जोड्या आल्या असत्या त्यात. हा हिशेब माझ्या आधी मुलाने केला, काउंटरवरच्याच कागदाच्या मागच्या बाजूला, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

रिझर्व्ह बँकेने 2013 च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज कुठल्यातरी खिशातून जातंच: कधी सूट बुडते, कधी फी लागते. क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट हप्ते घेतले तर व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटीही पडतो आणि तो सुटत नाही.

मी केएफएस, म्हणजे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, मागितलं. हे तीन अक्षरी नाव लक्षात ठेवा. किरकोळ (रिटेल) कर्ज देताना त्यातली सगळी फी, सगळे आकार आणि एपीआर म्हणजे खरा वार्षिक दर एका कागदावर लिहून देणं 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्याला सक्तीचं आहे. कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत ते असायला हवं, समजावून सांगायला हवं. त्यात न लिहिलेला आकार नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘ते लोन झाल्यावर मेलवर येतं.’ झाल्यावर वाचून काय करायचं? मी हटले नाही. मागून लोक चुळबुळ करायला लागले, सुपरवायझर आला, तो आत गेला, पुन्हा आला. ‘मॅडम, ऑफर आजच्यापुरती आहे.’ कर्जाची मुदत सात दिवस किंवा जास्त असेल तर केएफएसमधल्या अटी किमान तीन कामाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात, हे मी त्याला सांगितलं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी एक छापील कागद हातात आला, तोही इंग्रजीत. मला वाचता आला. पण माझ्या मागे वाडीत काम करून आलेले एक काका उभे होते, फ्रिज घ्यायला, आणि त्यांना त्यांच्या कर्जाचा असा कुठलाच कागद कुणी दाखवलेला नव्हता. नुसत्या ‘महिन्याला इतके’ या बोलीवर ते सही करणार होते. त्या माणसासाठी तरी हा नियम आहे ना? माझ्या कागदावर वार्षिक दर शून्य नव्हता, प्रोसेसिंग फी धरून तो दोन आकडी झाला होता. मी काकांना माझा कागद दाखवला आणि हाच तुमचाही मागा म्हणून सांगितलं. सुपरवायझरला ते आवडलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

आम्ही सही न करता बाहेर पडलो. मुलगा गप्प होता, 24,999 वाला फोन त्याच्या हातात बराच वेळ होता. मी त्याला समजावत बसले नाही. सोमवारी स्टेशनजवळच्या एका छोट्या मोबाइलच्या दुकानातून त्याने आधी ठरवलेलाच फोन 14,300 ला घेतला, यूपीआयने पैसे दिले, कव्हर आणि काच वर मिळाली. त्या संध्याकाळी जे सुटल्यासारखं वाटलं ते फोनचं नव्हतं, माझ्या नावावर काही चढलं नाही याचं होतं.

त्या फायनान्स कंपनीचे फोन मात्र नाताळच्या आदल्या दिवशीही येत होते. मी आधी कंपनीकडेच मेलने लेखी तक्रार केली. तिथूनच सुरुवात करावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जाता येतं, त्याला फी नाही, आणि माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. माझे 30 दिवस अजून व्हायचे आहेत. मेल जपून ठेवलाय. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून ती चौकशी कशी नोंदली आहे तेही पाहिलं.

थोरलीचं सांगायचं राहिलं. ती म्हणत होती, ‘मी कमावते, माझे 9,000 त्याच्या फोनला घाला.’ मी ठाम नाही म्हटलं. कमावत्या मुलीचा वाटा भावाकडे वळवायची सवय आपल्या घरांत फार लवकर लागते. तिला विरार लोकलच्या गर्दीतून रोज जावं लागतं, तर तिमाही फर्स्ट क्लासचा पास काढून दिला. उरलेले तिच्याच नावाच्या आरडीत टाकले. पासची कल्पना तिचीच, आणि ज्यांची मुलं नोकरीला लागलीत त्यांना मी ती आवर्जून सुचवेन, कारण कमावत्या मुलांना वस्तू स्वतः घेता येतात, पण रोजच्या सोयीवर ती स्वतःहून खर्च करत नाहीत.

आणखी एक, जे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. परदेशातल्या काका-मावश्यांना नोव्हेंबरातच विचारून घ्या की ते काय आणणार आहेत. आमच्याकडे कुवेतच्या काकांनी एका वर्षी एकट्या मधल्याला महागडं घड्याळ आणलं होतं, आणि आम्ही सांभाळलेली बरोबरी एका दिवसात गेली. यंदा त्यांना आमचा आकडा आधी कळवला. त्यांनी तिघांना मिळून एकच ब्लूटूथ स्पीकर आणला. चुलत-मामे भावंडांच्या सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्यांनाही 500 ची मर्यादा मुलांनीच घालून घेतली.

फोनसारखी मोठी वस्तू घ्यायचीच असेल तर दसरा-दिवाळीच्या सेलमध्येही भाव बघून ठेवा, म्हणजे डिसेंबरात दुकानदार ‘नाताळ ऑफर’ म्हणून जो भाव सांगतो तो खरंच उतरलाय का ते कळतं. दुकानात जाताना पॅन कार्ड घरी ठेवा. माझा नंबर पाठ होता म्हणून एवढं झालं.