रविवार कारंजा ते भांडी बाजार: वाड्यांतली दुकानं पायी पाहताना

नाशिक रोड स्टेशनपासून नाशिक शहर नऊ-दहा किलोमीटर. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, उतरून रविवार कारंजापर्यंत चालत जाता येतं. गाडी आणलीच तर यापुढे नेऊ नका. दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या भागात दुचाकीसुद्धा अडते. सकाळी लवकर निघावं. दुकानं बंद असतात, पण वाड्यांचे दर्शनी भाग तेव्हाच दिसतात. एकदा माल बाहेर लटकला आणि फलक पुढे आले की फक्त वरची माडी उरते. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी गर्दी दुप्पट.

सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा आधी पाहा. तो दुकानाचा वाडा नव्हे, पण दगडी जोतं, सागवानी खांब आणि तुळया यांची जाण इथे आली की पुढची घरं वाचता येतात. बाजारातले वाडे भिंतीला भिंत लावून उभे आहेत: रस्त्याकडे अरुंद, मागे लांब. हिशेब खणांचा, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराचा. पुढे ओटा, मग पेढी, मागे चौक, वर माडी. कारागिराला ही रचना आयती मिळाली. ओट्यावर विक्री, चौकात भट्टी, कारण धूर वर निघून जातो आणि उजेडही तिथलाच. चौकावर पत्रा टाकला की काम बाहेर जातं आणि चौकाचं गोदाम होतं. असे चौक बरेच दिसतील.

खांबाचा पाया नक्की बघा. लाकूड मुळात तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठ्या दगडावर, उभं असतं; त्यामुळे ओल वर चढत नाही. नंतर फरशी घालताना तळखडा सिमेंटमध्ये बुडवला की खांब खालून कुजतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तरी तेच: ओल आत कोंडते आणि गिलावा पोपडे धरतो. चुन्याचा गिलावा दिसायला मळका, पण भिंतीला तोच मानवतो. सगळ्यात वाईट काम शटरचं. रुंदी मिळावी म्हणून मधला खांब काढतात, तुळईखाली लोखंडी गर्डर देतात आणि वरच्या माडीचा भार दोन टोकांना येतो. गर्डरच्या टोकाशी भिंतीला तिरकी चीर दिसली तर त्या माडीवर चढू नका, दुकानदाराने बोलावलं तरी.

भांडी बाजारात तांब्या-पितळेचं भांडं बहुधा वजनावर मिळतं. धातूचा भाव आणि मजुरी वेगळी विचारा. जुनं भांडं मोडीत द्यायचं असेल तर तो भाव आधी ठरवा. भांडं हलकं वाटलं तर पत्रा पातळ, तो आचेवर लवकर वाकतो.

कल्हई करून घ्यायची तर समोर उभं राहा. भांडं चिंचेने किंवा आम्लाने घासतात, तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथील टेकवून कापसाने फिरवतात आणि पाण्यात बुडवतात. घासणी कमी पडली तर कथील धरत नाही, ठिपके राहतात. आच जास्त झाली तर पिवळट-काळसर झाक येते. कथलात शिसं नाही ना, हे विचाराच. शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर बारीक करकर आवाज येतो. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. नवसागराच्या धुरापासून मुलांना लांब ठेवा.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी किती चढलंय, याची आधी चौकशी करा; पाणी मूर्तीच्या कमरेवर गेलं असेल तर फेरी पुढे ढकला. नदी चढली नसली तरी जोराच्या सरीत सरस्वती नाला तुंबतो आणि सराफ बाजारात पाणी साचतं. दर डांबरीकरणात रस्ता वर आल्याने कित्येक ओटे आता रस्त्याच्या पातळीलाच आहेत, तिथे पाणी थेट पेढीत शिरतं.

2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची गर्दी असेल. वाडे पाहायचे असतील तर ते महिने टाळा.