पिट्सबर्ग पायी पाहताना: आधी चढ बघा, मग अंतर

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या नकाशावर एखादा रस्ता दिसतो. त्याला रीतसर नाव असतं, कोपऱ्यावर पाटी असते, फोन सांगतो की बारा मिनिटांत पोहोचाल. तिथे जाऊन बघावं तर समोर सिमेंटचा उंच जिना. तोच तो रस्ता. साउथ साइड स्लोप्समधला यार्ड वे हा असाच एक. शहरात असे सातशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत. त्यांतले कितीतरी पालिकेच्या कागदोपत्री रस्ते म्हणूनच नोंदलेले आहेत, आणि काही घरांचं पुढचं दार थेट जिन्यावर उघडतं. म्हणून इथे फिरण्याचा बेत आखताना मैल मोजून भागत नाही. पहिला प्रश्न हाच: चढायचं कुठून आणि उतरायचं कुठून?

या शहराची जमीन समजली की वस्त्याही समजतात. ईशान्येकडून अलेगेनी येते, दक्षिणेकडून मोनोंगहेला (स्थानिकांच्या तोंडी नुसती ‘मॉन’), आणि दोघी ‘द पॉइंट’ या टोकाशी मिळून ओहायो होते. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर भिडतात. इथे दोन नद्या पाचरीसारख्या तिरक्या येतात, आणि पुढे दोघींचंही नाव मागे पडतं. नद्यांनी आणि ओढ्यांनी पठार खोल चिरून काढलं आहे, त्यामुळे सपाट जमीन काय ती काठच्या अरुंद पट्ट्यांत. गिरण्या, गोदामं, रेल्वे त्या पट्ट्यांत बसली, कामगार वर उतारांवर राहायला गेले, आणि कारखान्यात उतरायला जिने बांधले गेले. पोलिश, जर्मन, इटालियन, स्लोव्हाक, आफ्रिकन-अमेरिकन, जो तो आपापल्या टेकडीवर किंवा काठावर. मधे दरी असल्यामुळे शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर दिसते, पण पोहोचायला अर्धा तास. प्रत्येकाचं चर्च वेगळं, बेकरी वेगळी. शहरात ९० अधिकृत वस्त्या आहेत, आणि हा आकडा एवढा मोठा होण्यात या दऱ्यांचा मोठा वाटा आहे.

वर जायला बस किंवा इन्क्लाइन (रुळांवरून दोरानं ओढला जाणारा डबा) घ्या, खाली जिन्यांनी उतरा. हा एक नियम पाळला तर दिवसात तीन वस्त्या आरामात होतात. उलट केलंत तर पहिल्याच चढावर पोटऱ्या भरून येतील. मात्र ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हा सल्ला उलटा वाचावा. उतरणं गुडघ्यांना चढण्याहून जास्त छळतं.

जिन्यांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत तिथेच होते. जुना जिना म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी नळीचा कठडा. पाणी फटींत शिरतं, हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि पायरीची कड फोडतं. मग आतली सळई उघडी पडते आणि गंजते. म्हणून पाऊल कडेवर टाकू नका, पायरीच्या आतल्या बाजूला टाका. कठड्यावर भार टाकण्याआधी तो हलवून बघा. ऑक्टोबरच्या शेवटी ओल्या पानांचा थर साचतो, तो बर्फाहून फसवा, कारण खालची पायरी दिसतच नाही. हिवाळ्यात प्रत्येक जिन्यावर बर्फ वितळवणारं मीठ पडेल असं धरून चालू नका. इथले लोक निसरड्याला ‘स्लिपी’ म्हणतात. कुणी हटकून तो शब्द उच्चारला तर मुकाट्यानं रस्त्यानं वळसा घ्या. खालच्या टोकाला आडवा अडथळा लावलेला असेल तर जिना बंद आहे, आणि मधल्या पायऱ्या खरोखरच गेलेल्या असू शकतात. नव्यानं बांधलेले जिने मात्र सुरेख आहेत. ओकलंडमधल्या जॉनकेअर स्ट्रीटच्या जिन्याला तर कडेनं सायकल ढकलत नेण्यासाठी पन्हळ ठेवली आहे.

सुरुवात माउंट वॉशिंग्टनपासून करावी, कारण वरून सगळी रचना एका नजरेत येते. याचं जुनं नाव कोल हिल. पोटात कोळसा होता म्हणून. वर न्यायला दोन इन्क्लाइन आहेत. मोनोंगहेला इन्क्लाइन १८७० चं आणि ड्युकेन १८७७ चं. मोनोंगहेलाचं खालचं स्थानक स्टेशन स्क्वेअरच्या ट्राम थांब्यासमोरच आहे, म्हणून चढायला ते सोयीचं. वर ग्रँडव्ह्यू अव्हेन्यूनं पश्चिमेकडे साधारण मैलभर चाला, वाटेत दरीवर काढलेले सज्जे लागतात, आणि ड्युकेननं उतरा. उतरण्याआधी ड्युकेनच्या वरच्या स्थानकातली यंत्रखोली चुकवू नका. दोर गुंडाळणारं मूळचं भलंमोठं चक्र अजून चालतं, आणि ते फिरवणाऱ्या दंतचक्राचे दात लाकडाचे आहेत. एक डबा उतरतो तेव्हा त्याच्या वजनानं दुसरा वर ओढला जातो. मोटरला फक्त दोन्हींतला फरक पेलायचा असतो. १९६२ मध्ये हे इन्क्लाइन बंद पडलं, तेव्हा वरच्या वस्तीतल्या लोकांनीच पैसे जमवून पुढच्या वर्षी ते सुरू केलं. देखावा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसा ऊन सहसा डोळ्यांवर येत नाही. तरी सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं, पुलांवर दिवे लागत असताना, तिथे असायलाच हवं.

शनिवारची सकाळ स्ट्रिप डिस्ट्रिक्टसाठी राखा. अलेगेनीच्या काठचा हा अर्धा मैलभर रुंदीचासुद्धा नसलेला पट्टा एकेकाळी घाऊक भाजी-फळांची पेठ होता. १९२६ चं लांबलचक प्रोड्यूस टर्मिनल अजून उभं आहे, आता त्यात दुकानं आहेत. खरी वर्दळ पेन अव्हेन्यूवर: मासळीचं दुकान, चीजची मोठाली चाकं कापून विकणारे इटालियन वाणी, फुटपाथवरच्या शेगड्या. नऊच्या आत पोहोचलात तर दुकानदार बोलतात; अकरानंतर रांगच रांग. इथे मिळणाऱ्या प्रिमँटी सँडविचमध्ये तळलेले बटाटे आणि कोबीची कोशिंबीर पावाच्या आतच भरलेली असते. मांसाहार नको असेल तर चीज-अंड्याचं मागा. एक सँडविच दोघांना पुरतं.

स्ट्रिपमधून अठ्ठाविसाव्या रस्त्याचा पूल ओलांडून वर चढलं की पोलिश हिल. ही चढण छोटी आहे, पायी करण्याजोगी. वर ब्रेरटन स्ट्रीटवर १९०५ चं इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी चर्च, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवरचं, हिरवट तांब्याच्या घुमटांचं. गिरणी कामगारांच्या वस्तीनं एवढं मोठं देऊळ उभारलं, ते पाहून माझी मान दर वेळी लवते. भोवतालची घरं मात्र इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर पुढची भिंत निम्मी झाकेल असं वाटतं. पुढे हेरॉन अव्हेन्यूनं खाली उतरलात की लॉरेन्सव्हिलचं टोक. बटलर स्ट्रीट सरळ, सपाट, विटांच्या चाळवजा घरांचा. आता तिथे कॉफीची दुकानं आणि रोबोट बनवणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि भाडीही त्याच मानानं चढली आहेत. पाय थकले असतील तर ९१ नंबरची बस बटलर स्ट्रीटवरून डाउनटाउनला नेते. दम असेल तर १८४४ ची अलेगेनी सिमेट्री ही दफनभूमी बघा. तीनशे एकरांची झाडी आहे आणि हरणं दिसतात. इटालियन ब्लूमफील्ड शेजारीच, लिबर्टी अव्हेन्यूवर, तासाभरात होतं.

हिल डिस्ट्रिक्टला मात्र तासाभरात उरकू नका. डाउनटाउनच्या अगदी डोक्यावरची ही आफ्रिकन-अमेरिकन वस्ती. वायली अव्हेन्यूवरचे जॅझचे अड्डे देशभर गाजलेले होते. १९५० च्या दशकात ‘नगर सुधारणे’च्या नावाखाली खालच्या हिलचे ९५ एकर साफ केले गेले आणि आठ हजारांवर माणसं उठवली गेली. त्या जागी १९६१ मध्ये मोठं गोल क्रीडागृह आलं; पन्नास वर्षांनी तेही पाडलं. सेंटर अव्हेन्यू आणि क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर रहिवाशांनी फलक लावून बजावलं होतं की इथून पुढे पाडापाडी चालणार नाही. तो कोपरा आज फ्रीडम कॉर्नर. तिथे उभं राहून खाली बघा: एवढ्या मोक्याच्या उतारावर इतकी वर्षं मोकळी जमीन आणि गाड्यांचे तळ का, याचं उत्तर त्या फलकात आहे. तिथून चढत बेडफर्ड अव्हेन्यूवर १७२७ क्रमांकाचं घर गाठा. नाटककार ऑगस्ट विल्सन १९४५ मध्ये इथे जन्मले. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी त्यांची दहा नाटकं आहेत, आणि त्यांतली नऊ याच वस्तीत घडतात. घराची डागडुजी होऊन २०२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. ८३ नंबरची बस वर नेते. उतरताना चालत या.

नदीपलीकडची नॉर्थ साइड हे मुळात वेगळं शहर, अलेगेनी सिटी. १९०७ मध्ये तिथल्या बहुसंख्य मतदारांचा विरोध असताना, दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजून ते पिट्सबर्गला जोडलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथेही अलेगेनीवाले हरले. डाउनटाउनमधून तिथे जायला ट्राम फुकट आहे, ती नदीच्या तळाखालून जाते. फुकट टप्पा एका बाजूला फर्स्ट अव्हेन्यूपर्यंतच. पुढचं स्टेशन स्क्वेअर एकच थांबा असलं तरी भाडं लागतं, आणि नवखे तिथेच चुकतात. मेक्सिकन वॉर स्ट्रीट्सचे जुन्या घरांचे रस्ते सपाट आणि सावलीचे आहेत. ट्रॉय हिल मात्र वर, जर्मन कामगारांची. तिथल्या सेंट अँथनीज चॅपलमध्ये संतांचे पाच हजारांवर अवशेष आहेत. दुपारी मोजकेच तास उघडं असतं, वेळ पाहून जा. ट्रॉय हिलवरून नदीकडे कोसळणारा रिआल्टो स्ट्रीट म्हणजे जुना ‘पिग हिल’, डुकरांचे कळप हाकायचा रस्ता. गाडीनं उतरणार असाल तर पहिल्या गियरमध्ये, आणि पाऊस असेल तर नकोच. सर्वांत उभा रस्ता त्याहून भारी आहे: बीचव्ह्यूतल्या कँटन अव्हेन्यूचा एक छोटा तुकडा ३७ टक्के चढाचा, म्हणजे शंभर फूट आडवं जाताना सदतीस फूट वर.

पायी चालणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिग्नल हिरवा झाला की समोरून डावीकडे वळणारी पहिली गाडी सरळ जाणाऱ्यांच्या आधी झटकन वळते. याला ‘पिट्सबर्ग लेफ्ट’ म्हणतात. कायदा नाही, रिवाज आहे. हिरवा दिसताच पाऊल टाकू नका, आधी त्या गाडीकडे बघा. आणि बर्फानंतर रस्त्याकडेला एकटी खुर्ची दिसली तर तिला हात लावू नका. कुणीतरी फावड्यानं मोकळी केलेली गाडीची जागा ती राखते आहे.

शिकायला येणारी मराठी मुलं बहुतेक ओकलंड, शेडीसाइड आणि स्क्विरल हिल या पूर्वेकडच्या भागात राहतात. विमानतळावरून २८एक्स बस थेट ओकलंडला येते. पिट (म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठ) आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बस चालते. इतरांनी रोख देताना नेमके सुटे द्यावेत, उरलेले परत मिळत नाहीत. ओकलंडमधल्या कॅथेड्रल ऑफ लर्निंग या पिटच्या ४२ मजली इमारतीत निरनिराळ्या देशांच्या ३१ वर्गखोल्या आहेत. भारतीय खोली नालंदाच्या धर्तीवर विटांची आहे. त्यांतल्या बहुतेक खोल्यांत खरोखर तास भरतात, म्हणून बघायला सुट्टीचा दिवस धरा. पेन हिल्समधलं १९७६ चं व्यंकटेश्वर मंदिरही उतारावरच आहे, पण शहराच्या हद्दीबाहेर. चौघं मिळून गाडी करा.

खोली भाड्यानं घेताना चढाचं गणित पुन्हा आठवा. उतारावरचं घर रस्त्यावरून दोन मजली दिसतं आणि मागून चार मजली निघतं. ‘ग्राउंड फ्लोअर’ म्हणजे नेमका कुठला ते विचारा. घर बघायला पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. तळघराच्या डोंगराकडच्या भिंतीला तळहात लावा: ओल, पांढरी खारी पावडर किंवा मधेच आडवी गेलेली भेग दिसली तर मागची माती भिंत ढकलते आहे. इथल्या उतारांतली लाल चिकणमातीसारखी खडकमाती पाणी प्यायली की सरकते, आणि घराच्या साध्या विम्यात दरड सहसा धरत नाहीत. अंगणातली आधाराची भिंत बाहेर झुकलेली असेल, कुंपणाचे खांब एकाच बाजूला कलले असतील, तर भाडं कितीही कमी असो, पुढचं घर बघा.